बसस्थानकाचं पत्र्याचं छप्पर: आधी पाणी, मग आकार

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. शाळेला सुट्टी असली की त्यांचा डबा घेऊन मी स्टँडवर जायचे. पावसाळ्यात तिथे एक दृश्य हमखास असायचं. फलाटावर आठ बाकं, आणि माणसं मात्र तीनच बाकांवर दाटीवाटीने बसलेली. उरलेल्या पाचांवर छपरातून ठिबक. छप्पर होतं, पण माणसांच्या वाट्याला त्यातलं अर्धंसुद्धा येत नव्हतं.

गेली सव्वीस वर्षं मी पुण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून पत्र्याच्या छपरांची कामं करते आहे. सुरुवात भोसरीच्या कारखान्यांच्या शेडपासून झाली. आता बस, मेट्रो आणि रिक्षा एकत्र येतात अशा स्थानकांची कामं जास्त असतात. २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत मेट्रो आली आणि एसटी, पीएमपी (पुण्याची शहर बस), मेट्रो तिन्ही एका चौकात भेटायला लागल्या. अशा ठिकाणचं छप्पर टिकाऊ आणि पर्यावरणाला न जाचणारं कसं करायचं, हे मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने सांगते. समोर एक नमुना धरू: ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद, म्हणजे १,८०० चौरस मीटरचं छप्पर. खाली बस, बाजूला मेट्रोचा जिना, मधे वाट बघणारी माणसं.

थेंब जमिनीला कुठे टेकतो?

छप्पर काढायला बसलात की पहिली रेघ आढ्याची, म्हणजे छपराच्या माथ्याची, ओढू नका. पाणी जमिनीला टेकतं तिथून सुरुवात करा आणि वर चढत जा: आधी चेंबर, मग पाइप, मग पन्हळ, मग उतार, आणि सगळ्यात शेवटी आकार. साइटवर सगळे गटर म्हणतात, माझी आजी पन्हळ म्हणायची. मीही पन्हळच म्हणते, कारण गटार म्हटलं की ते घाणच असणार असं लोक धरून चालतात.

हा उलटा क्रम मी सुखासुखी शिकले नाही. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकर विसरलेले नाहीत. आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली. त्याच रात्री शहराच्या दुसऱ्या टोकाला, मी सही केलेल्या नकाशावर उभं राहिलेलं एक प्रतीक्षालय गळलं. त्याचं छप्पर फुलपाखराच्या पंखांसारखं होतं, दोन्ही कडा वर आणि मधे दरी. पाणी मधल्या पन्हळीत यायचं आणि खांबाच्या पोटातल्या पाइपातून खाली जायचं. बाहेरून एकही पाइप दिसत नव्हता. ते सगळ्यांना फार आवडलं होतं, मलाही. त्या रात्री रेन ट्रीची पानं आणि दुधाची एक रिकामी पिशवी पाइपाच्या तोंडाशी अडकली. पन्हळ भरली. पाण्याला बाहेर सांडायला वाटच नव्हती, मग ते पत्र्याच्या टोकाखालून आत आलं. फॉल्स सीलिंग भिजून जड झालं आणि दरवाजाएवढा तुकडा बाकावर पडला. तिथे बसलेली बाई दोनच मिनिटांपूर्वी बस आली म्हणून उठली होती. दुसऱ्या दिवशी मी त्या बाकापाशी बराच वेळ उभी होते. तेव्हापासून माझ्या नकाशात मधली पन्हळ नाही आणि खांबाच्या पोटात पाइप नाही.

आता हिशोब. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण पाइपाला वर्षाच्या पावसाशी देणंघेणं नसतं, त्याला सगळ्यात वाईट दहा मिनिटं सोसायची असतात. मी ताशी १५० मिलिमीटरचा वेग धरते. १,८०० चौरस मीटरवर त्या वेगाने पाऊस आला तर सेकंदाला ७५ लिटर पाणी होतं. दर सेकंदाला जवळजवळ चार बादल्या! १५० मिलिमीटर व्यासाच्या एका डाउनटेक पाइपावर, म्हणजे पन्हळीचं पाणी खाली आणणाऱ्या उभ्या पाइपावर, मी १०० चौरस मीटरपेक्षा जास्त छप्पर सोपवत नाही. म्हणजे अठरा पाइप, एका बाजूला नऊ. खांब साडेसात मीटरवर ठेवले तर ६० मीटरच्या लांबीत एका बाजूला नऊच खांब येतात. प्रत्येक खांबाला एक पाइप, बाहेरून, उघड्यावर, हाताला येईल असा. तो विद्रूप दिसतो असं कोणी म्हटलं तर त्याला नीट रंग द्या, पण लपवू नका. जमिनीपासून मीटरभर उंचीवर सफाईचं झाकण ठेवा.

पन्हळीची रुंदी ३०० मिलिमीटरच्या खाली नको. साफ करणाऱ्या माणसाचा बूट तिच्यात बसला पाहिजे, हे माझं साधं माप. तिचा पत्रा छपराच्या पत्र्यापेक्षा जाड घ्या, पाइपाकडे थोडा उतार द्या. आणि धरणाला सांडवा असतो तसा पन्हळीलाही सांडवा ठेवा: बाहेरच्या काठाला, पत्र्याच्या टोकापेक्षा खालच्या पातळीवर कापलेल्या खाचा. पाइप तुंबला तर पाणी त्या खाचांतून बाहेर, रस्त्याच्या अंगाला पडेल. लोकांना दिसेल, कोणीतरी तक्रार करेल, पाइप साफ होईल. आतल्या बाकावर मात्र थेंब पडणार नाही.

खाली आलेलं पाणी वाया घालवू नका. ७०० मिलिमीटर पाऊस, १,८०० चौरस मीटर छप्पर आणि वाया जाणारा पाचवा हिस्सा वजा केला तरी वर्षाला दहा लाख लिटर पाणी हाती लागतं. सगळं साठवायला टाकी बांधणं परवडत नाही. ५०,००० लिटरची टाकी ३५ मिलिमीटर पावसात भरते. मी तेवढीच सुचवते. बस धुवायला आणि स्वच्छतागृहांच्या फ्लशला तीच वापरायची, टाकी भरून उरलेलं पाणी गाळून बोअरला द्यायचं. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. नुसता खड्डा खणून पाणी मुरेलच असं नाही, त्यामुळे भूजलाचा जाणकार आधी आणून जागा दाखवा. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी टाकीत घेऊ नका. त्यात आठ महिन्यांची धूळ, टायरची काजळी आणि कबुतरांची घाण असते.

उतार आणि दिशा

३० मीटर रुंदीत आढं मधोमध घेतलं तर दोन्हीकडे १५ मीटरचा उतार मिळतो. दहाला एक या हिशोबाने आढं वळचणीपेक्षा, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपेक्षा, दीड मीटर वर येतं. याहून सपाट छप्पर चालतं असं कॅटलॉगमधे लिहिलेलं असतं. पण पुण्याची धूळ आणि झाडांची पानं सपाट पत्र्यावर थांबतात, आणि जिथे कचरा थांबतो तिथे ओल थांबते. दहाला एक हा माझा किमान उतार.

आढं शक्यतो पूर्व-पश्चिम ठेवा. दक्षिणेचा उतार सौर पॅनेलला मिळतो, उत्तरेचा उजेडाला. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पत्रे बसवायला पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करा आणि पश्चिमेकडे सरकत जा. म्हणजे प्रत्येक नवा पत्रा आधीच्यावर पश्चिमेकडून चढतो, जोडाचं उघडं तोंड पूर्वेला राहतं आणि वाऱ्याला त्यात पाणी ढकलता येत नाही. नकाशात बाण काढून हे लिहून द्या. नाहीतर ट्रक ज्या बाजूला उभा राहतो त्या बाजूने काम सुरू होतं.

उंचीबद्दल एक गोष्ट. बससाठी खाली साडेपाच मीटर मोकळे लागतात. पण साडेपाच मीटरवरून तिरका येणारा पाऊस जवळजवळ तेवढाच आत शिरतो. एवढ्या उंच छपराखाली काठावरची माणसं छत्री उघडून उभी असतात. म्हणून बसच्या जागेवर छप्पर उंच आणि माणसांच्या बाकांवर सव्वातीन मीटरवर दुसरी, खालची छत्री घ्या. दोन्ही एकमेकांवर किमान मीटरभर चढलेली हवीत. पश्चिमेच्या टोकाला तिरक्या पट्ट्यांची जाळी लावा, वारा येईल पण पावसाचा मारा तुटेल.

डेक्कन आणि छत्रपती संभाजी उद्यान मेट्रो स्थानकांची छपरं मावळी पगडीच्या आकाराची आहेत. शहराने आपला चेहरा छपरावर आणावा हे मला मनापासून पटतं. तुमच्याकडे तसा आकार आला तर प्रत्येक वळणापाशी बोट ठेवून विचारा: इथला थेंब कुठे जातो? उत्तर मिळेपर्यंत पुढचं वळण काढू नका.

पत्रा निवडताना

ॲल्युमिनियम की पोलाद, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. रत्नागिरी-मालवणला खाऱ्या वाऱ्यात मी ॲल्युमिनियमच सांगेन. पुण्यात समुद्र नाही. इथे ॲल्युमिनियम-झिंकचा मुलामा दिलेलं पोलाद पुरतं. त्या मुलाम्यात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्का सिलिकॉन असतं, आणि दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम मुलामा मागायचा. शिवाय खनिजापासून नवं ॲल्युमिनियम काढायला किलोमागे १३ ते १५ युनिट वीज लागते. जिथे गरज नाही तिथे तो भार का घ्यायचा? मुख्य छपराला ०.६ मिलिमीटरचा, वरून फिकट पांढरा रंग दिलेला पत्रा मी घेते. रंग पीव्हीडीएफ (उन्हाला टिकणाऱ्या एका प्लास्टिकचा) असला तर उन्हात तो लवकर खडूसारखा भुरभुरत नाही.

जाडीत फसवणूक होते, ती समजून घ्या. पत्र्याची जाडी दोन प्रकारे सांगतात: मुलामा आणि रंगासकट, किंवा नुसत्या पोलादाची. कोटेशनमधे ‘०.५० मिमी’ एवढंच लिहिलेलं असतं आणि हातात येतो तो रंगासकट ०.५०, आत पोलाद ०.४५ किंवा त्याहून कमी. दहावा हिस्सा ताकद कागदावरच गेली. ऑर्डरमधे ‘मूळ पोलादाची जाडी’ हे शब्द घाला. माल आला की मी मायक्रोमीटर घेऊन ट्रकपाशी जाते. प्रत्येक गठ्ठ्यातल्या एका पत्र्याच्या कोपऱ्याचा रंग आणि मुलामा काढून मोजते आणि चौरस मीटरभर तुकडा वजनकाट्यावर ठेवते. ०.५ मिलिमीटर पोलाद चौरस मीटरला ३.९ किलो भरतं, ०.६ मिलिमीटर ४.७ किलो. काट्याशी वाद घालता येत नाही. एकदा अख्खा ट्रक परत पाठवला होता. काम नऊ दिवस लांबलं, पण त्या छपरावर मी आजही निर्धास्त चढते.

जोड कसा? स्क्रू मारलेला साधा पत्रा स्वस्त पडतो, पण १,८०० चौरस मीटरवर हजारो भोकं होतात आणि प्रत्येक भोकाचं आयुष्य एका रबरी वॉशरएवढं. मुख्य छपराला स्टँडिंग सीम घ्या. त्यात पत्र्याच्या उभ्या कडा एकमेकींत दुमडल्या जातात, आतल्या क्लिपा पर्लिनला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पोलादी वाशाला, धरतात आणि वर एकही भोक नसतं. पत्राही सरकायला मोकळा राहतो. हे सरकणं खरं आहे. डिसेंबरच्या पहाटे पत्रा १० अंशांवर, मे महिन्यात दुपारी ६५ वर. ५५ अंशांच्या फरकाने १५ मीटरचं पोलाद सुमारे १० मिलिमीटर लांबतं, ॲल्युमिनियम २०. दोन्ही टोकांना घट्ट बांधलंत तर ते कुठेतरी फाटेल किंवा कुरकुरत राहील. आढ्याशी पक्कं धरा, वळचणीकडे मोकळं सोडा. पत्रा आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड हवा. तो साइटवरच मशीन आणून वळवून घेता येतो, म्हणजे लांब ट्रेलर शहरात आणायचा प्रश्न मिटतो.

तयार सँडविच पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे फोम चिकटवलेलं, मी सार्वजनिक स्थानकाला सुचवत नाही. फोम आगीत धूर करतो, आणि चाळीस वर्षांनी छप्पर उतरवलं की पत्रा आणि फोम सुटे होत नाहीत. पोलाद सुटं, स्वच्छ, बोल्ट काढून निघालं तर भंगारवाला आनंदाने नेतो आणि ते पुन्हा भट्टीत जातं. वेल्डिंग कारखान्यात, बोल्ट साइटवर, असा नियम ठेवा. जुन्या छपराचे सिमेंटचे पत्रे उतरवायचे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असतो. ते फोडू नका, पाणी मारून ओले करा, अख्खे उतरवा आणि घातक कचऱ्याची परवानगी असलेल्यांकडेच द्या. कोणाच्या गोठ्यावर बसवायला देऊ नका.

डोक्यावरचा तवा, कानातला ताशा

एका एप्रिलमधे दुपारी अडीचला मी साध्या एकेरी पत्र्याच्या खालच्या अंगावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला होता. आकडा साठच्या जवळ गेला. हवा ३८ अंश असली तरी डोक्यावर साठ अंशांचा तवा टांगलेला असतो आणि त्याची धग थेट अंगावर उतरते. पंखा लावून ती जात नाही. चकचकीत बिनरंगी पत्रा ऊन परतवतो हे खरं, पण घेतलेली उष्णता तो सहज सोडत नाही. पांढरा रंग दोन्ही करतो. याचं एकत्रित माप म्हणजे एसआरआय (सोलर रिफ्लेक्टन्स इंडेक्स). कमी उताराच्या छपराला ७८ च्या वरचा मागा. अगदी शुभ्र, चमकदार रंग नको, शेजारच्या इमारतींच्या खिडक्यांत झळाळी जाते. मॅट, किंचित साईच्या रंगाचा बरा.

रंगाखाली थर हवेत. खालून वर असे: बारीक भोकांचा आतला पत्रा, त्यावर पातळ कापड, मग ५० मिलिमीटर रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर), मग पाणी अडवणारा पडदा आणि शेवटी वरचा पत्रा. हा पडदा पैसे वाचवायला गाळतात. तो गाळू नका. डिसेंबरच्या पहाटे वरचा पत्रा आभाळाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही गार होतो आणि त्याच्या आतल्या अंगाला दव धरतं. पडदा नसेल तर ते दव रॉकवूल पितं, आणि ओलं रॉकवूल ना ऊन अडवतं ना आवाज.

आवाजाचं मला विशेष वाटतं. मोठा पाऊस एकेरी पत्र्यावर आला की ताशा वाजतो आणि खालची घोषणा बुडते. माझ्या एका कामात पाहणीच्या वेळी पांढरी काठी घेतलेले एक काका भेटले. ते म्हणाले, “ताई, पावसात मला बस कुठल्या फलाटाला लागली ते कळतच नाही. मी प्रत्येक बसच्या दारात जाऊन विचारतो.” भोकांचा आतला पत्रा आणि रॉकवूल हे खर्चाच्या यादीत सजावटीच्या रकान्यात टाकलेलं मला आजवर अनेकदा दिसलं आहे. त्यांना तिथून काढून सुरक्षेच्या रकान्यात घाला.

उजेडासाठी उत्तरेच्या उतारावर पाच टक्क्यांपर्यंत पॉलिकार्बोनेटच्या पट्ट्या पुरतात. हे प्लास्टिक पोलादाच्या पाचपटीहून जास्त पसरतं, म्हणून भोकं मोठी आणि वॉशर रुंद. त्याखाली पोलादी जाळी लावाच. धूळ बसली की पट्टी पत्र्यासारखीच दिसते, त्यावर पाय पडतो आणि माणूस खाली येतो.

वारा खालून येतो

छप्पर वजनाने पडेल याची भीती सगळ्यांना असते. पत्र्याचं छप्पर पडत नाही, उडतं. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग ३ मधे, सन २०१५ च्या आवृत्तीत, पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण ९३ किलो होतो, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन पाच-सहा किलो. चारी बाजूंनी उघड्या स्थानकात वारा खालून ढकलतो आणि वरून ओढतो. एप्रिल-मेमधला वळीव यात सगळ्यात वाईट, धुळीच्या लोटासोबत पाच मिनिटांत येतो आणि जातो. कडा आणि कोपऱ्यांवर ओढ जास्त असते, तिथे क्लिपा आणि पर्लिन जवळजवळ घ्या. पायाचं वजन आणि बोल्ट या उचलीसाठी तपासून घ्या. २०१६ च्या भारतीय मानकात पुणे भूकंपाच्या तिसऱ्या झोनमधे होतं, पण एवढ्या हलक्या छपराला बहुतेक वेळा वाराच जास्त छळतो.

स्थानक म्हटलं की फ्लेक्स आले, गणपतीत माळा आल्या. ३९ मीटरच्या वाऱ्यात एक मोठा फ्लेक्स म्हणजे शिडाची होडी. लोक लावणारच, म्हणून मनाई करून थांबू नका. खांबांवर ठरावीक उंचीला मजबूत कड्या द्या आणि पर्लिनला काही बांधायचं नाही असं तिथेच लिहा.

आढ्यापाशी लांबीभर वायुवीजनाची फट ठेवा. पुण्यातल्या पुष्कळ बस सीएनजीवर चालतात. हा वायू हवेपेक्षा हलका असतो, गळला तर वर चढतो आणि छपराच्या बंद खोबणीत साठतो. छपराखाली कुठेही उलट्या टोपलीसारखा बंद कप्पा राहू देऊ नका. फटीला पावसासाठी दुहेरी झाकण आणि पक्ष्यांसाठी जाळी. कबुतरांना बसायला सपाट कडा मिळाली की त्यांची विष्ठा साचून रंग आणि लोखंड खाते. दोन अँगल पाठीला पाठ लावलेल्या जुन्या पद्धतीच्या ट्रसमधे, म्हणजे छपराला पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यामधे, फटीत पाणीही राहतं आणि ब्रशही जात नाही. मी गोल किंवा चौकोनी नळीचे ट्रस घेते, टोकं वेल्डिंगने बंद करून. खांबाची बैठक फरशीच्या पातळीत नको, १५० मिलिमीटरच्या चौथऱ्यावर घ्या. रोज फरशी धुतली जाते आणि तेच पाणी खांबाचा तळ सडवतं.

सौर पॅनेलची गोष्ट सोपी आहे, फक्त ती आधी ठरवायची असते. दक्षिणेच्या उतारावरचे ९०० चौरस मीटर घ्या. कडा आणि चालायच्या वाटा सोडल्या तर ६०० चौरस मीटर पॅनेल बसतात, म्हणजे साधारण १२० किलोवॉट. पुण्यात किलोवॉटमागे वर्षाला १,४०० युनिट धरले तर दीड लाखाच्या वर युनिट मिळतात. दिवे, पंखे, पंप, फलक यांना देऊन वर उरतं. स्टँडिंग सीमच्या उभ्या कडेला पकडणाऱ्या क्लॅम्पवर पॅनेल बसवा, भोक पाडायचं नाही. त्यांचं चौरस मीटरला १५ किलोपर्यंतचं वजन पहिल्याच दिवशी हिशोबात धरा. नंतर लावू म्हणणारे नंतर ट्रसला टेकू देत बसतात.

एक स्क्रू

मुख्य छपराच्या पत्र्याला भोकं नसली तरी उजेडाच्या पट्ट्या, फ्लॅशिंग (कडा आणि जोड झाकणारा पत्रा) आणि खालच्या छत्र्यांना स्क्रू लागतातच. आमच्याकडे एक वयस्क फिटर आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. नवीन पोराला ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. स्क्रू उंचवट्यावर मारायचा, मशीन काटकोनात धरायची, आणि डोळे वॉशरवर. वॉशरचं काळं रबर धातूच्या टोपीच्या काठाबाहेर जरासं डोकावलं की बोट उचलायचं. रबर फुगून बाहेर आलं, टोपी खोलगट झाली, म्हणजे जास्त आवळला. ते रबर दोन उन्हाळ्यांत चिरतं. आणि वॉशर बोटाने फिरला तर तो ढिला. मामा संध्याकाळी रांगेतल्या दर दहाव्या वॉशरला बोट लावून फिरवून बघतात. एक जरी फिरला तरी अख्खी रांग पुन्हा तपासायची.

त्याच संध्याकाळी दुसरं काम: मऊ ब्रशने छप्पर झाडणं. ड्रिलचा कीस पत्र्यावर राहिला तर रात्रीच्या दवाने गंजतो आणि सकाळी पांढऱ्या रंगावर तांबडे ठिपके दिसतात. पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांनी कडेचा मुलामा जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो, कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या मशीनने) कापा. खूण करायला शिसपेन्सिल नको, मार्कर वापरा, कारण पेन्सिलीतलं ग्राफाइट या मुलाम्याला खातं. ऑफिसच्या एसीच्या तांब्याच्या नळीवरून ओघळणारं पाणी पत्र्यावर सोडू नका. ओला सिमेंटचा गिलावा उडाला तर वाळायच्या आत धुऊन काढा.

उद्घाटनाआधी

मृग ७-८ जूनला लागतो. त्याची वाट बघू नका, मे महिन्यातच स्वतः पाऊस पाडा. टँकर मागवा, आढ्यापासून खाली प्रत्येक पट्ट्यावर अर्धा तास पाइपाने पाणी सोडा, आणि खाली माणसं बाकांवर बसवून वर बघायला सांगा. नंतर खरी परीक्षा: सगळ्या डाउनटेकची तोंडं कापडाचे बोळे घालून बंद करा आणि पन्हळ भरू द्या. पाणी सांडव्याच्या खाचांतून बाहेर पडलं पाहिजे, आत एक थेंबही नको. २०१९ नंतर ही परीक्षा दिल्याशिवाय मी कुठल्याच छपरावर शेवटची सही केलेली नाही. एकदा सात खाचांतून पाणी बाहेर गेलं आणि आठव्यापाशी ते आत वळलं. खाच १२ मिलिमीटर वर कापली गेली होती. कंत्राटदार म्हणत होता, एवढ्याने काय होतं. आम्ही ती त्याच दुपारी खाली घेतली.

छपरावर चढायची सोय नंतर लावायची म्हणून ठेवू नका, ती पहिल्या नकाशातच हवी. पाठीमागे पिंजरा असलेली पक्की शिडी, आढ्यालगत पट्टा अडकवायची लाइफलाइन, पन्हळीपर्यंत जाळीची पायवाट. हे नसेल तर सफाई कामगार एकतर वर जात नाही किंवा जीव धोक्यात घालून जातो, आणि दोन्ही आपल्या नकाशाचे दोष आहेत. वर्षातून तीनदा चढायचं: मेच्या शेवटी पन्हळी आणि पाइपाची तोंडं साफ करायला, ऑगस्टच्या मधे पुन्हा एकदा, आणि दिवाळीनंतर रंग, वॉशर, जोड बघायला. पन्हळीत पिंपळाचं रोपटं दिसलं की ते बोटभर असतानाच उपटा, पुढच्या वर्षी ते जोड फोडतं. फेब्रुवारी-मार्चमधे पॅनेल धुताना पत्राही धुऊन घ्या, धूळ गेली की छप्पर पुन्हा ऊन परतवायला लागतं.

छप्पर ताब्यात देताना फाइल देऊन मोकळं होऊ नका, फाइल साहेबांबरोबर बदलून जाते. स्टेशन मास्तरांच्या खोलीबाहेरच्या खांबावर मी पत्र्याची पाटी लावते. तिच्यावर अठरा पाइपांची जागा, सांडव्याच्या खाचा, वजन चालणाऱ्या वाटा, पत्र्याची जाडी, रंगाचा क्रमांक आणि छप्पर बसवल्याचं वर्ष कोरलेलं असतं. शिडीच्या कुलपाच्या दोन किल्ल्या करते. एक मास्तरांकडे राहते. दुसरी, शंभर जादा स्क्रू आणि वॉशरच्या डब्यासकट, मी सफाई मुकादमाच्या हातात देते आणि त्यांच्याबरोबर एकदा वर चढून सगळी अठरा तोंडं दाखवून येते.